वापरणारे : एक

रक्तपेढीच्या चालू प्रोग्राममधून लेबलं छापणारं जुनं मॉड्यूल काढणं, हे आज माझ्या यादीतलं पहिलं काम. मॉड्यूल निघालं. ते जिच्या आधाराने चालायचं ती सामायिक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामचे अनेक भाग मिळून वापरतात तो कोड, मात्र मेमरीतून उतरेना. पडद्यावर आकडा होता, वापरणारे : एक.

“मॅडम, ओढून काढा की! डबा गार होतोय,” शेजारचा संदीप म्हणाला.

“आणि तो एक अजून तिच्यावरच उभा असला तर? सगळा प्रोग्राम कोसळेल. तिकडे रक्ताच्या पिशव्या थांबतील.”

“मग बसा वाट बघत.”

बसले, पण पाय सारखे हलत होते. गेल्या वर्षी घरचा जुना फोन असाच बंद केला आणि यादीवर खूण केली. मावशीला तो एकच नंबर पाठ होता. ती महिनाभर फिरवत राहिली. आपलं काम संपलं की वस्तूचंही संपलं, असं आपण किती पटकन धरून चालतो!

पावणेदोनला रक्तगटाचा चालू अहवाल छापून झाला; तो एक वापरणारा हाच होता. आकडा शून्य झाला, लायब्ररी आपोआप उतरली. तरी खूण करण्याआधी मी दोनदा विचारलं, “संदीप, तिकडे सगळं चालू आहे ना?”