बरोब्बर नंबरचं सील

हसायचं असंल तर चहा आधी खाली ठेवा बरं. मागं एकानं घोट घेता घेता हा किस्सा ऐकला अन् माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर नक्षी काढली!

तर सांगतो. मी तलाठी. आता रिटायर झालोय, पण ते अंगातून कुठं जातंय? चौतीस वर्षं सात-बारा लिहिले. गट नंबरातला एक आकडा इकडचा तिकडं झाला की एकाचं रान दुसऱ्याच्या नावावर, अन् मग दोघंबी कुऱ्हाडी घेऊन तलाठ्याच्या दारात! त्यामुळं आकडा दिसला की माझा हात आपोआप चष्म्याकडं जातो. लग्नपत्रिकेवरचा फोन नंबरसुद्धा मी दोनदा वाचतो. उगाच.

माझा मुलगा महेश. त्याला मी नोकरीला चिकटवायला बघत होतो, अन् यानं घेतलं खोदाईचं मशीन. तेही जुनं! वर्षभर मी तोंड फुगवून बसलो. घरात आमचं बोलणं म्हणजे "जेवला का?" अन् "जेवलो." बस्स. राग कधीच गेला होता हो माझा, पण ते सांगायचं कसं? काही मदत करायला गेलं की हा म्हणायचा, "अण्णा, तुम्ही राहू द्या."

अन् एक दिवस सकाळीच त्याचा फोन आला. आईला नाय, मला!

"अण्णा, फुलंब्रीच्या पुढं एका वस्तीवर रस्ता करतोय ना मी, तिथं मशीन बंद पडलं. बूमच्या जॅकचं सील फुटलं. तेल सगळं खाली."

मला यातलं एक अक्षर कळलं नाय. मग त्यानं समजावलं. बूम म्हणजे मशीनचा तो लांब हात. जॅक त्याला उचलतो. अन् सील म्हणजे जॅकच्या आतलं कडं, तेल अडवून धरणारं. ते फुटलं, अन् बूम धाडकन रस्त्यावर आडवा.

"उद्या दुपारी वस्तीवर लग्न हाय, अण्णा. वऱ्हाडाच्या गाड्यांना दुसरा रस्ताच नाय. मिस्त्रीनं मशीनच्या पुस्तकातून पार्टचा नंबर काढलाय. शहागंजाच्या बाजारातून आणता का? वर्षभर मशीन दुसऱ्यांच्या कामावर भाड्यानं चालवलं, हे माझं सोताचं पहिलं काम हाय."

आणता का, म्हणे! अहो, कुणी आमदारकी दिली असती तरी मी इतका हरखलो नसतो. नंबर कागदावर ठळक लिहून घेतला, ४४१-२०७-३. खाली दोन रेघा मारल्या. सवयीनं सहीसुद्धा ठोकली.

"जेवून जा," मंदा म्हणाली. मंदा म्हणजे आमच्या सौ.

"जेवायला वेळ हाय का? पोरानं काम सांगितलंय!" म्हणलं अन् पुंडलिकनगरातल्या घरनं स्कूटर जी सोडली, ती शहागंजातच थांबवली.

तिथं करीमचाचांचं सील-बेअरिंगचं जुनं दुकान. चाचांनी कागद बघितला, माझी सही बघितली, जरा हसले, अन् आतून डबा आणून ठेवला. मी चष्मा लावला. डब्यावर ४४१-५५०-३.

"चाचा, हा नंबर वेगळाय."

"हौ साब. कंपनी ने नंबर बदल दिया. माल वहीच है, बल्कि अच्छा है. आँख मूँद के ले जाव."

डोळे मिटून? तलाठ्यानं?

मग काय! गट नंबर म्हणजे काय, पोटहिस्सा म्हणजे काय, एका आकड्यापायी दोन भाऊ कोर्टात कसे म्हातारे झाले, सगळं सांगितलं. मागं गिऱ्हाईकं ताटकळली. चाचा बिचारे एक वही उघडत म्हणत होते, "अजी, ये बही तो देखो!"

मी म्हणलं, "मला वह्या दाखवू नका! जन्मभर वह्या मीच लिहिल्यात!"

अन् निघालो ताठ मानेनं.

छावणीतल्या दुकानात गेलो. त्यानंही डबा ठेवला, ५५०! मोंढा नाक्याला गेलो. तिथंही ५५०, अन् तेच, नंबर बदललाय म्हणे!

आता मला सांगा, तीन दुकानं, तीन मालक, अन् तिघंबी तोच डबा पुढं करतायत. सरळ माणसाला काय वाटंल? की आपलंच काहीतरी चुकतंय. मला काय वाटलं? की हे एकमेकांना फोन करतायत! तिसऱ्याला मी विचारलंसुद्धा, "शहागंजातून फोन आला व्हता ना तुम्हाला?"

तो म्हणाला, "काका, बसा जरा. पाणी देऊ का?"

तेवढ्यात महेशचा फोन. "अण्णा, मिळालं का?"

"मिळंल, मिळंल! अरे, सगळा बाजार मिळालेलाय एकमेकांना. पण तू घाबरू नको, मी हाय."

त्याला काय कळलं देव जाणे. "बरं," म्हणाला.

शेवटी स्टेशनच्या बाजूला एक दुकान सापडलं. मालक शिडी लावून पार वरच्या फळीवर चढला, एक पाकीट काढलं, फुंकर मारली. दोघांनाबी शिंका आल्या. अन् पाकिटावर बघतो तर काय, ४४१-२०७-३! जसंच्या तसं! मला तर त्या पाकिटाचा मुका घ्यावा वाटला. वरच्या फळीवर ते किती वर्षं पडलंय, हे विचारायचं सुचलं नाय. नंबर बरोबर होता की!

उन्हात स्कूटर हाणत वस्तीवर पोचलो. तिथं मांडव उभा राहिलेला, बायका मशीनला वळसा घालून डोक्यावरनं सामान नेतायत, अन् नवरीचा बाप, विठ्ठलराव, त्या आडव्या बूमकडं बघत नुसता उभा. महेश पळत आला. मी पाकीट असं दिलं जसं काही सातबाराच त्याच्या हातात देतोय.

"घे! पुस्तकातलाच नंबर! मला लई जणांनी फसवायला बघितलं, पण मी काय फसतोय!"

मिस्त्रीनं सील बाहेर काढलं, बोटांनी जरासं वाकवलं. कट्! शिळ्या भाकरीवानी दोन तुकडे.

मिस्त्रीनं ते तुकडे तळहातावर धरले.

"लई जुनं हाय हे," मिस्त्री हळूच म्हणाला. "वाळून गेलंय. आता हे येत बी नसंल. नवीन नंबर निघाला असंल."

महेशनं माझ्याकडं बघितलं. "अण्णा, नंबर बदललाय, असं दुकानदारानं सांगितलं नाय का?"

"सांगितलं."

"कुणी?"

"तिघांनी."

मला वाटलं, आता हा ओरडणार. ओरडायलाच पाहिजे होतं त्यानं! पण त्यानं आपली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "उन्हातून आलाव. आधी पाणी प्या. बघू काहीतरी."

खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यात पाणी आलं. वर्षभरानं पोरानं एक काम सांगितलं, अन् मी त्याचा अर्धा दिवस माझ्या शहाणपणात घालवला. बाटली तशीच ठेवली अन् स्कूटरला किक मारली. "अण्णा, मी जातो!" तो मागनं ओरडला. मी कशाला थांबतोय!

चाचांच्या दुकानात शिरलो तेव्हा मान खाली होती. चाचांनी गल्ल्याखालनं डबा काढला. तोच, ५५०.

"बाजूकू रख दिया था. मालूम था, आप आते."

अन् मग ती मघाची वही त्यांनी माझ्यापुढं सरकवली. डाव्या बाजूला जुना नंबर, त्यावर आडवी रेघ, उजव्या बाजूला त्याच्या जागी आलेला नवा. पानंच्या पानं!

"साब, आदमी गुजर गया तो उसकी जमीन पे किसका नाम चढ़ता?"

"वारसाचं," मी म्हणलं.

"बस! २०७ गुजर गया. ये उसका वारिस."

फेरफार! अहो, ते फेरफार रजिस्टर होतं! चौतीस वर्षं मी हेच लिहिलं. मेलेल्याच्या नावाला कंस अन् खाली वारसाचं नाव. अन् आज अख्ख्या शहरात मेलेल्या नंबरला हुडकत फिरलो, अन् वारस दारात आला की त्याला चोर म्हणलो!

चाचांनी वर चहा पाजला. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बेटे का काम है ना? जाव जल्दी."

दिवस मावळायच्या आत सील बसलं अन् बूम वर गेला. वस्तीवरच्या पोरीबाळींनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रस्ता तयार, अन् दुपारी वऱ्हाडाच्या गाड्या धूळ उडवत थेट मांडवापर्यंत.

अक्षता पडल्या अन् विठ्ठलरावांनी माईक हातात घेतला. "मंडळी, आज हे लग्न येळंवर लागलं ते एका माणसामुळं! या वयात, असल्या उन्हात, माझ्या लेकीसाठी ज्यांनी शहराला एक नाय, दोन-दोन चकरा मारल्या, त्या महेशरावांच्या वडलांनी पुढं यावं!"

मी खांबाआड सरकायला बघत होतो. चौघांनी धरून नेलं. टॉवेल, टोपी, नारळ, सगळा मान! लोक टाळ्या वाजवतायत, म्हाताऱ्या माझी दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडतायत, अन् सगळ्यात जोरात टाळ्या कोण वाजवतोय? माझा महेश!

खाली उतरलो तसा तो जवळ आला. माझी टोपी सरळ केली, अन् कानाशी लागून म्हणाला, "बघा अण्णा. पहिल्याच चकरंत बरोबर आणलं असतं, तर नुसत्या नारळावर भागवलं असतं त्यांनी."