झुलाल मास्तरांचं वजन

पाचोऱ्याच्या शाळेत झुलाल मास्तरांनी पीटी शिकवली आणि शाळेबाहेर कमी खाणं शिकवलं. लग्नाच्या पंगतीत ते शेजारच्याच्या ताटाकडे बघून बोलत, म्हणून त्यांच्या शेजारी सहसा कुणी बसत नसे. निवृत्तीनंतर बीपीने त्यांच्या किडन्या निकामी केल्या आणि जळगावला डायलिसिस सुरू झालं.

तिथल्या आहारतज्ज्ञ स्नेहल मॅडमनी समजावलं, "पाणी कमी, मीठ कमी, केळी बंद. पण डायलिसिसमध्ये प्रोटीन वाहून जातं. म्हणून अंडी, पनीर खायचं, पोटभर जेवायचं."

मास्तरांनी 'कमी' आणि 'बंद' एवढंच ऐकलं. ते त्यांना आधीपासूनच पटलेलं होतं.

घरी पार्वताबाई ताट वाढायच्या, मास्तर अर्धी भाकरी परत करायचे. वजन उतरू लागलं. "बघ, तब्येत सुधारतेय," असं बायकोला सांगून त्यांनी पट्ट्याला नवं भोक पाडून आणलं.

दवाखान्यात शेजारच्या पलंगावर अमळनेरकडच्या बेबाबाई असत, अंगाने चांगल्या भरलेल्या. मशीन लागण्याआधी त्या डब्यातली उकडलेली अंडी शांतपणे खात.

मास्तरांना राहवलं नाही. "बाई, या आजारात जिभेला लगाम हवा."

"मास्तर, मना डबा मना शे," बेबाबाई अहिराणीत म्हणाल्या. "तुम्ही तुमना उपास करा."

दिवाळीपर्यंत मास्तरांना जिना चढवेना. एकदा मशीन चालू असतानाच बीपी उतरलं आणि शुद्ध गेली. डोळे उघडले तेव्हा स्नेहल मॅडम रिपोर्ट घेऊन उभ्या होत्या.

"काका, किडनीचं काम मशीन करतंय. तुम्ही उपाशी राहून खंगलात. असंच चाललं तर अवघड आहे."

मास्तरांनी बेबाबाईंकडे मान वळवली. "आणि यांचं?"

"त्यांचे रिपोर्ट चांगले आहेत. डायलिसिसवर अंगात ताकद धरून असलेली माणसं बऱ्याचदा जास्त टिकतात."

बेबाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. त्या हसत नव्हत्या, हे त्यांचं मोठेपण.

त्या संध्याकाळी मास्तरांनी अंडी औषधासारखी गिळली. पुढच्या आठवड्यात स्वतःच मागितली. हळूहळू अंग भरलं, जिना जमू लागला.

पाचोऱ्यात मात्र त्यांचा जुना विद्यार्थी युवराज बाजारात पार्वताबाईंना भेटला आणि हळहळला. "अक्का, मास्तरांना पोट सुटलं. आता त्यांचं काही खरं नाही."

पार्वताबाईंनी मान डोलावली आणि पनीर घ्यायला डेअरीकडे वळल्या.