सोन्याच्या वर्खावरचा अंगठा

बसमध्ये शेजारी कुणी तंबाखू मळली, की मी अजून उठून दुसरी जागा धरते. शहाण्णव साली राधानगरीकडचे पाहुणे मला बघायला मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आले होते. चहा झाल्यावर माझ्या वडिलांनी, आबांनी, कौतुकानं पणजोबांनी रंगवलेली पोथी उघडली. चित्रातल्या देवीच्या मुकुटावर सोन्याचा वर्ख झळकत होता. मुलाच्या वडिलांनी अंगठा तंबाखूनं भरलेल्या तोंडात ओला केला आणि त्या मुकुटावर खसाखसा घासला.

“खरं सोनं हाय का बगतो की!”

मुकुटासकट देवीचं कपाळही तपकिरी थुंकीत फिसकटलं. त्यांनी अंगठा धोतराला पुसला.

“पावणं, उठा आता,” आबा म्हणाले.

सोयरीक मोडली म्हणून आई रडली, मीही रडले. आता वाटतं, ते लग्न झालं असतं तर तसल्या बोटांनी चिवडलेली उष्टी ताटं मी जन्मभर उचलली असती.