होयबाचं नाही

हॉटेलातली माणसं त्याला पाठीमागे होयबा म्हणत, आणि तोंडावर म्हटलं असतं तरी तो "बरोबर आहे" म्हणूनच मोकळा झाला असता. कितीतरी वर्षं तो त्या हॉटेलच्या काउंटरमागे उभा होता. नळाला गरम पाणी नाही, गादी बोचते, शेजारच्या खोलीत कुणी घोरतंय, कसलीही तक्रार येवो, हा मान तिरकी करून म्हणायचा, "अगदी बरोबर आहे आपलं. गैरसोय झाली, माफ करा. दुसरी खोली देऊ का?" भांडायला आलेला माणूस गार होऊन परत जायचा. फ्रेंच बोलणारे पाहुणे तर त्याच्यासाठीच पुन्हा त्या हॉटेलात उतरत. तो त्यांच्या भाषेत माफी मागे, आणि इतकी सुरेख मागे की ऐकत राहावं.

घरी तरी काय वेगळं होतं? बायको म्हणाली भिंत निळी, तर निळी. थोरल्या भावाच्या शब्दाला तर त्याने जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं. म्हणून दादाचा फोन आला, "तू रात्रपाळीला, तुझी बायको पहाटे बेकरीत. परवा आई न्हाणीघरात पडता पडता वाचली. महिनाअखेरीला मी तिला माझ्याकडे नेतो," तेव्हा हा सवयीने म्हणाला, "बरोबर आहे, दादा." फोन ठेवला आणि मग आपण काय कबूल करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं.

आई शेजारीच मटार सोलत बसली होती. तिने सगळं ऐकलं, आणि काही बोलली नाही. आता ही बाई कशी, तर भिंतीवरच्या घड्याळाशीसुद्धा वाद घालेल. ती गप्प बसली म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं, असंच समजायचं.

होयबाला एकच वाट दिसत होती. मोठ्या इस्पितळात फ्रेंच बोलणाऱ्या रुग्णांसाठी दुभाष्या हवा होता. दिवसाचं काम, संध्याकाळी घरी. अट एवढीच, की फ्रेंचची वरच्या पातळीची परीक्षा पास झालेली हवी. पास झालो तर आईला थांबवता येईल, नाहीतर ती गेलीच, असं त्याने मनाशी धरलं आणि परीक्षेला नाव घातलं. दादाला मात्र यातलं अवाक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर होयबा कसला?

वाचन, लेखन त्याला जड नव्हतं. घोडं अडलं ते तोंडी परीक्षेपाशी. तिथे एका विषयावर आपलं मत मांडायचं, मग परीक्षक मुद्दाम उलटं बोलतात, आणि आपण आपल्या मतावर टिकून राहायचं. त्यासाठी लावलेल्या क्लासच्या बाईंनी सराव घेतला. बाजारपेठेत मोटारींना बंदी असावी का, हा विषय. होयबा झकास बोलला. मग बाई म्हणाल्या, "अहो, पण दुकानदारांनी काय करायचं?"

होयबाची मान तिरकी झाली. "अगदी बरोबर आहे आपलं," तो अस्खलित फ्रेंचमध्ये म्हणाला, "दुकानदारांची गैरसोय झाली, त्याबद्दल माफ करा."

वर्ग हसून हसून लोळला. बाई हसल्या नाहीत. "भाषा लोण्यासारखी आहे तुमची," त्या म्हणाल्या, "पण असे प्रत्येकाला शरण गेलात तर नापास व्हाल."

घरी येऊन त्याने बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "अहो, वाद घालायलाच शिकायचंय ना? मग मास्तर घरात बसलेत की."

"मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही," आई आतून म्हणाली.

"तेच बरं. परीक्षकांना कळलं तरी ते कुठे कबूल करतात?"

झालं. रोज दुपारी आई खिडकीपाशी खुर्चीत बसायची, हा समोर उभा राहून फ्रेंचमध्ये बोलायचा, आणि तो जरा रंगात आला की ती हात वर करून म्हणायची, "मला नाही पटत." तेवढं एकच वाक्य, पण असं ठसक्यात म्हणायची की भल्याभल्यांनी माघार घ्यावी. सुरुवातीला हा लगेच माफी मागायचा. शब्द कळत नसले तरी मान तिला कळत होती. मान कलली की ती म्हणायची, "माफी मागितलीस. परत पहिल्यापासून." बिचाऱ्याने मोटारींवरची बंदी इतक्यांदा पहिल्यापासून मांडली, की बायकोलाही ती चालीसकट पाठ झाली. आई मात्र एकदाही "पटलं" म्हणाली नाही.

परीक्षेच्या आदल्या दुपारी आई म्हणाली, "आज विषय मी देते. आईला थोरल्याकडे पाठवावं. मी म्हणते, पाठवावंच. तू उलट बोल."

तो फ्रेंचमध्ये बोलायला लागला, आणि थांबेचना. ती "मला नाही पटत" म्हणत गेली आणि तो दर वेळी नवं काहीतरी सांगत गेला. मान एकदाही वाकडी झाली नाही, डोळे मात्र भरून आले. आई त्याच्या तोंडाकडे बघत ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "आता हेच आपल्या भाषेत सांग."

त्याने तोंड उघडलं. आपल्या भाषेत आला की दादा डोळ्यांसमोर उभा राहायचा. "तसं दादाचंही बरोबर आहे म्हणा," तो पुटपुटला, आणि मान कलली.

या वेळी ती "परत पहिल्यापासून" म्हणाली नाही. उठली, आणि कपाटातले कपडे काढून बॅगेत घड्या ठेवायला लागली. त्याला स्वतःची लाज वाटली.

परीक्षेत त्याला विषय आला, काउंटरवर माणसांऐवजी यंत्रं असावीत का. चष्मेवाल्या परीक्षकबाई म्हणाल्या, "यंत्र थकत नाही, चिडत नाही. तुमच्यापेक्षा बरंच की." त्याची मान कलायला लागली. त्याला ते जाणवलं, आणि त्याने ती सरळ केली. "मला नाही पटत," तो फ्रेंचमध्ये म्हणाला, आणि पुढे भांडलाच. निकाल नंतर लागला, आणि तो पास झाला, चांगल्या गुणांनी. पण दादा आला त्या रविवारी हे कुणालाच माहीत नव्हतं.

बॅग दाराशी होती. आईने चपला घातल्या होत्या. "चल आई, ऊन वाढायच्या आत निघू," दादा म्हणाला, आणि सवयीने धाकट्याकडे वळला. "काय रे, बरोबर ना?"

"नाही, दादा. मला नाही पटत."

दाराची कडीच बोलायला लागल्यासारखा दादा त्याच्याकडे बघत राहिला. "रात्रपाळी कोण करणार मग?"

"परीक्षा दिलीय. पास झालो तर इस्पितळात दिवसाचं काम मिळेल."

"आणि नापास झालास तर?"

"तरी आई इथेच राहील. हॉटेलात दिवसपाळी मागीन. नाही दिली तर दुसरं काम बघीन. तिची खिडकी इथे आहे, तिची भांडणं या गल्लीत आहेत. तुझ्याकडे ती कुणाशी भांडेल? आणि दादा, मला ती इथे हवी आहे."

दादा खुर्चीत बसला. "अरे, मग फोनवर एका शब्दाने बोलला असतास. मला वाटलं, तुला तिचं ओझं झालंय."

"चुकलंच माझं. तेव्हाच बोलायला हवं होतं."

आई दाराशी तशीच उभी होती. "दिवसपाळी देतील कशावरून?" ती म्हणाली. "मला नाही पटत."

तो तिच्याकडे वळला. "नसतील देत, तर नसतील देत. तू जायचं नाहीस."

ती त्याच्या मानेकडे बघत होती. मान सरळ होती.

"पटलं," आई म्हणाली. तिने चपला काढल्या, थोरल्याला म्हणाली, "बस तू, चहा टाकते," आणि जाता जाता बॅग उचलून आत घेऊन गेली.