हिरवा बोर्ड आणि निगम अंकलचा खोकला

“बोर्ड तो हरा है, कदम साहब. ग़लती हमारी खाँसी की है,” निगम अंकल म्हणाले आणि बाकावर वाकून पुन्हा खोकले.

वृंदावन योजना या वसाहतीतल्या बागेच्या फाटकावर हवेचा बोर्ड होता. हिरवा म्हणजे हवा बरी, लाल म्हणजे घरात बसा. त्याला आकडे पुरवणारं मशीन सांभाळणं माझं काम. बायको-मुलगी नाशिकला. लखनौत कामाशिवाय माझ्याशी बोलणारा माणूस एकच: सत्तरीतले, दमेकरी, एकटे राहणारे निगम अंकल. मीच त्यांना ऐटीत सांगितलं होतं, माझा बोर्ड हिरवा असेल तरच फिरायला निघा. आणि बोर्ड पाच दिवस हिरवा. नोव्हेंबरात! धुरक्यात समोरची पाण्याची टाकी दिसत नव्हती.

बॉसला फोन लावला.

“नंबर अच्छा आ रहा है, यार. छेड़ते क्यों हो?”

“सर, मशीन से सही तो निगम अंकल की खाँसी चल रही है.”

बागेच्या ऑफिसच्या गच्चीवर चढलो. मशीनला वर टोपीसारखं तोंड असतं, इनलेट. त्यातून हवा आत ओढली जाते, फिल्टरवर धूळ बसते, ती आम्ही मोजतो. त्या इनलेटला कुणीतरी पांढरी मलमल गुंडाळून सुतळीची सुबक गाठ मारली होती! मलमल विरळ, म्हणून हवा जात होती आणि अलार्म गप्प होता. धूळ मात्र बाहेरच.

“ये किसने किया?”

चौकीदार रामलखन छाती काढून पुढे आला. “हमने! सारी धूल अंदर जा रही थी, साहब. मशीन चौपट हो जाती आपकी.”

इतक्या वर्षांत माझ्या मशीनवर एवढी माया कुणी केली नव्हती. मी त्याला चक्क सलाम ठोकला. मग फडकं सोडलं. तव्याच्या बुडासारखं काळं झालं होतं.

दुपारपर्यंत बोर्ड लालभडक. पाच दिवसांचे आकडे रद्द करा, असा रिपोर्ट दिला. बॉसने बोलणं टाकलं. अंकलना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी दम्याचा पंप वाढवला, फिरणं बंद केलं. आठवड्यात मुलगा आला आणि त्यांना बंगलोरला घेऊन गेला. होळीपर्यंत तरी.

“वहाँ खाँसी कम है,” ते फोनवर म्हणाले, “पर बात करने को कोई नहीं.”

मी सकाळी बाकावर बसतो. मशीन चोख चाललंय. आमच्या धंद्यात काम बरोबर झालं, की बाग रिकामी होते.