नावं ठेवा

माझ्या काकाला मी लहानपणापासून अहो-जाहो करत आले. गेल्या वर्षी सोडून दिलं. का ते सांगते.

काका आणि माझी आई एकाच मोठ्या लाँड्रीत कामाला. हॉस्पिटलांच्या, हॉटेलांच्या चादरी तिथे ढिगाने येतात आणि धुऊन झाल्या की तापलेल्या रोलरमधून इस्त्री होऊन निघतात. काका सुपरवायझर, खुर्चीतला. आई रोलरवर. तिची मनगटं इतक्यांदा पोळलीत की तिथली कातडी चकाकते. आताशा तिच्याने भरलेली कढईसुद्धा उचलवत नाही.

नव्या बायका यायच्या आणि पहिल्याच आठवड्यात हात भाजून घ्यायच्या. शिकवणारं कुणी नव्हतंच. आईने मोबाइलवर शोधाशोध केली, तेव्हा दूर कुठल्याशा लाँड्रीतल्या एका बाईने केलेला चित्रांचा धडा सापडला. भाषा परकी, पण मला येणारी. खाली अटी होत्या: कुणीही घ्या, बदला, पुढे द्या, करणारीचं नाव मात्र काढू नका आणि यातून जे बनवाल तेही असंच सगळ्यांना खुलं ठेवा.

"अगं, ही मला ओळखतसुद्धा नाही," आई म्हणाली. तिला भरून आलं होतं.

मग सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी बसायचो. मी मजकूर आपल्या भाषेत आणला, फोटो आईने स्वतःचे काढून घेतले: बाह्या दुमडलेल्या, अंबाडा घट्ट, बोटं रोलरपासून लांब. शेवटच्या पानावर आधी त्या बाईचं नाव, मग आईचं. खाली आईने आपल्या अक्कलहुशारीने लिहिलं, 'घ्या, बदला, वाटा. फक्त नावं ठेवा.'

रोलरवरच्या बायकांची हसून पुरेवाट झाली. ही बया स्वतःच सांगते नावं ठेवा, म्हणून त्यांनी मनसोक्त ठेवली. फोटो अंधारा आहे, अक्षर मुंगीएवढं आहे, डावखुरीने काय करायचं ते कुठे आहे? आईने सगळं निमूटपणे सुधारलं. भाजणं खरोखर कमी झालं.

हे मालकीणबाईंच्या कानावर गेलं. ज्याने धडा केला त्याला सगळ्या शाखांवर शिकवायला नेमायचं, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे आईची रोलरपासून कायमची सुटका. ती दोन दिवस घरात गुणगुणत होती.

"वहिनी, द्या इकडे, मी दाखवतो त्यांना," काका म्हणाला. "तुम्हाला कुठे जमणार ते कॉम्प्युटर?"

घरचा माणूस, म्हणून तिने दिला. नेमणूक काकाची झाली. पहिल्या वर्गाला मी मागे जाऊन बसले. पडद्यावर आईचेच फोटो होते, पण गळ्यापासून खाली. हात तेवढे ठेवले होते, तोंड कापलं होतं. शेवटी एकट्या काकाचं नाव आणि 'सर्व हक्क राखीव'.

घरी येऊन मी आकाशपाताळ एक केलं. आई भाजी निवडत होती. "ओरडू नकोस," ती म्हणाली. "त्या बाईला कळव. पण आत्ता नको. आधी भाऊजींच्या सगळ्या शाखा फिरून होऊ देत. जितके जास्त लोक त्यांना ओळखतील तितकं बरं."

माझी आई इतकी डूख धरणारी आहे हे मला तेव्हा कळलं. मला तिचा अभिमान वाटला.

काकाचा दौरा संपल्यावर मी कळवलं. ती बाई भडकलीच. तिने थेट मालकीणबाईंना मेल केला: नावं परत घाला आणि धडा खुला करा, नाहीतर वापरणं थांबवा. मालकीणबाईंनी काकाला आणि आईला बोलावलं, मेल समजावून सांगायला मलाही.

काका जराही गडबडला नाही. "फुकटचं होतं, मला वाटलं चालतं. आणि धड्याखाली 'नावं ठेवा' असं कोण लिहितं? टीका करायला सांगितलंय असं वाटलं. बरं दिसेना, म्हणून पान काढलं."

मालकीणबाईंना हसू आलं. पटलंच होतं त्यांना.

"आणि माझं तोंड, भाऊजी?" आई म्हणाली. "तेही बरं दिसेना?"

मालकीणबाईंचं हसू गेलं. आईने एकच मागितलं: प्रत्येक शाखेत जाऊन काकानेच खरी नावं सांगायची. एका शाखेत मी मुद्दाम गेले. त्या बाईचं नाव घेताना त्याची जीभ अडखळली, तेव्हा मी मागून ओरडले, "ऐकू आलं नाही." त्याला परत सांगावं लागलं.

पण मालकीणबाई हिशेबी. धडा आता सगळ्यांना खुला आहे, ज्या त्या शाखेने आपला दाखवावा, वेगळा माणूस कशाला पोसायचा? शिकवण्याची जागाच त्यांनी रद्द केली. काकाच्या खुर्चीत तोवर दुसरा बसला होता, त्यामुळे काका रोलरवर आला. चादरीला दोन टोकं, दोन माणसं लागतात. जोडीला कोण हवं असं आईला विचारलं, तेव्हा तिने भाऊजीच मागून घेतले.

परवा तिच्या मनगटांना मलम लावत होते. चांगले दोन मोठे फोड आले होते. "हातची जागा गेली," मी म्हटलं. "वाईट नाही वाटत?"

"वाटतं की," ती म्हणाली. "पण भाऊजींना जास्त वाटतं. रोज समोरून बघते ना मी."