पहिल्या पानापासून

प्रभूचं वचन माणसाचं आयुष्य बदलून टाकतं, असं आमच्या मंडळीत दर रविवारी सांगतात. बाप्तिस्मा घेतल्यावर पहिले दोन महिने माझी फक्त उठायची वेळ बदलली.

चूक माझीच. वडील पोथीचं पारायण करायचे, त्याच शिस्तीनं मी बायबल घेऊन बसलो. पहाटे अंघोळ, पाट, पहिल्या पानापासून वाचन. एक दिवस जरी खंड पडला तरी पुन्हा पहिल्या पानापासून. वडिलांच्या सोवळ्याला मी तरुणपणी मनसोक्त हसलो होतो. नव्या श्रद्धेत येताना नेमकं तेवढंच जपून बरोबर आणलं. वाळूजच्या कारखान्यातली पाळी बदलली की खंड पडायचा. चार वेळा माझ्या घरी सृष्टी निर्माण झाली आणि चारही वेळा देवाला अर्पण करायच्या बकऱ्यांच्या नियमांपाशी अडकली.

अशात बायकोच्या छातीत गाठ लागली. तुकडा तपासणीला गेला; निकाल आठ दिवसांनी. या आठ दिवसांत वाचनात खंड पडला तर निकाल वाईट येणार, हे मी मनाशी ठरवून टाकलं. असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. सहाव्या दिवशी डबल पाळी लागली आणि खंड पडला. त्यानंतर घास गिळवेना. तिच्याकडं बघायची भीती वाटे. "तुमचीच तपासणी करायला पाहिजे होती," ती म्हणाली.

निकालाच्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. मी बकऱ्यांपर्यंत पोचायची धडपड करत होतो. शेजारी हर्सूलकडच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, मांडीवर माझ्या बायबलसारखंच काळं पुस्तक.

"मला वाचता येत नाय. मोठ्यानं वाच."

मी वाचू लागलो. दोन ओळींत त्यांनी थांबवलं. "येशूचं वाच की."

"तिथवर पोचलो नाही, मावशी."

"बाप्तिस्मा झालाय?"

"झालाय."

"मंग ज्याच्या नावानं घेतला, त्याला भेटलाच नाय व्हय?"

बायको हसली, आठ दिवसांत पहिल्यांदा. मी खंडाचं सगळं सांगितलं.

"लेकाची चिठ्ठी आली तर अंघोळीची वाट बघत बसतो का कुणी? घे, दोरा हाय तिथून वाच."

त्यांच्या पुस्तकात मी वाचू लागलो. बारा वर्षं आजारी असलेली एक बाई गर्दीतून येते आणि येशूच्या वस्त्राच्या काठाला मागून हात लावते. तिनं काहीच पुरं केलेलं नव्हतं. घाबरत आली होती, एवढंच. वाक्य अर्ध्यात असतानाच आमचं नाव पुकारलं, आणि ते तसंच सोडून मी उठलो. पुढचं माझ्या हातात नाही, हे त्या चार पावलांत मान्य केलं. भीती गेली नाही. पण ती एकट्यानं वाहायची नाही, इतपत कळलं.

गाठ साधी निघाली. ती आधीपासूनच साधी असणार. तरी मी आभार मानले, अजूनही मानतो. बाहेर आलो तेव्हा मावशी गेल्या होत्या, आणि बाकावर ठेवलेलं माझं पुस्तकही. त्यांचं माझ्याच हातात राहिलं होतं.

आता रोज तेच वाचतो. त्याला पहिली साठ पानं नाहीत.